पावतीच्या आधीचे चार महिने

इंदूरच्या जुन्या भागातल्या एका मराठी वस्तीत आम्ही काही निवृत्त मंडळी दर रविवारी सकाळी शेजारपाजारच्या वृद्धांची कागदपत्रांची कामे विनामूल्य करून देतो. बहुतेक कामे दोन खेपांत संपतात आणि त्यांची आठवणही राहत नाही. येथे मांडलेले प्रकरण २०२३ सालचे आहे आणि मार्चअखेर सुरू होऊन डिसेंबरात संपले. काम होते दरमहा ६०० रुपयांच्या पेन्शनचे. सरकारी दप्तरात या कामाची नोंद तीन वेळा झाली, तिन्ही वेळा ते मुदतीत निकाली निघाल्याची झाली, आणि त्यांपैकी एकही नोंद खोटी नव्हती. सरकारी सुधारणांनी सेवा खरोखर सुधारतात का, या प्रश्नाचे उत्तर शोधताना हा विरोधाभास आम्हाला महत्त्वाचा वाटला, म्हणून हे टिपण. नावे व ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

मे १९९७ मध्ये दिल्लीत मुख्यमंत्र्यांची परिषद झाली आणि तिच्यानंतर देशभरातल्या कार्यालयांत नागरिकांच्या सनदा लागल्या. कोणते काम किती दिवसांत होईल हे त्या फलकांवर लिहिलेले असे. ते न झाल्यास काय, याबाबत मात्र फलक गप्प असत. ही उणीव मध्य प्रदेशाने कायद्याने भरून काढली. लोकसेवा हमीचा अधिनियम राज्यात २५ सप्टेंबर २०१० पासून लागू झाला, सुरुवातीला ९ विभागांच्या २६ सेवा त्याखाली आल्या, आणि असा कायदा करणारे हे देशातले पहिले राज्य ठरले. प्रत्येक सेवेसाठी एक पदाभिहित अधिकारी, म्हणजे ती सेवा देण्याची जबाबदारी असलेला अधिकारी, आणि दिवसांची मुदत नेमलेली असते. अधिकाऱ्याने मुदतीत सेवा द्यायची किंवा लेखी कारण देऊन अर्ज नाकारायचा; नाकारल्यास अथवा मुदत उलटल्यास अर्जदाराला ३० दिवसांत पहिले अपील आणि त्यानंतर दुसरे अपील करता येते; विनाकारण उशीर झाला तर अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त ५,००० रुपये दंड होऊ शकतो आणि त्यातून अर्जदाराला भरपाई मिळू शकते. २०१२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा लोकसेवा पुरस्कार मिळाला. बिहारने २०११ मध्ये, गुजरातने २०१३ मध्ये आणि महाराष्ट्राने २०१५ मध्ये याच धर्तीवर कायदे केले.

पुढे या कायद्याभोवती बरेच काही उभे राहिले. अर्ज घेण्यासाठी खासगी चालकांमार्फत चालणारी लोक सेवा केंद्रे २०१२ पासून आली, तक्रारींसाठी १८१ क्रमांकाची मुख्यमंत्री हेल्पलाइन २०१४ मध्ये सुरू झाली, आणि काही दाखले त्याच दिवशी देण्याची सोय २०१८ मध्ये झाली. शिवाय प्रत्येक कुटुंबाला आठ अंकी आणि प्रत्येक व्यक्तीला नऊ अंकी 'समग्र' क्रमांक, म्हणजे राज्याच्या कुटुंबनोंदणी पोर्टलवरचा ओळख क्रमांक, मिळाला. हा क्रमांक नसेल, किंवा असूनही आधारशी जुळत नसेल, तर या राज्यात योजनांचे बहुतेक दरवाजे बंद राहतात.

हे सारे निव्वळ कागदावरचे नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. ज्यांनी ऐंशीच्या दशकात इथे मूळ निवासी दाखल्यासाठी बाबूंच्या टेबलापाशी दुपारी घालवल्या आहेत, त्यांना आज नातवाचा दाखला चहा पिऊन परत येईतो हातात पडतो याचे मोल सांगावे लागत नाही. या प्रकरणातही मृत्यूचे प्रमाणपत्र दोन आठवड्यांच्या आत, कोणाचीही मनधरणी न करता मिळाले होते.

ज्यांचे हे प्रकरण आहे त्यांना आपण काकू म्हणू. काकू त्या वर्षी ७१ वर्षांच्या होत्या. यजमान नीळकंठराव एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरे, जुळवण्याचे काम करीत. ऑफसेट आल्यावर तो छापखाना बंद पडला आणि त्यांनी घरूनच लग्नपत्रिकांची कामे घेऊन संसार रेटला. त्यांना कसलेही निवृत्तिवेतन नव्हते. जानेवारी २०२३ मध्ये ते गेले. मुलगा पुण्यात खासगी नोकरीत आहे आणि जमेल तसे पैसे पाठवतो. काकूंकडे दारिद्र्यरेषेचे कार्ड नव्हते, त्यामुळे वृद्धापकाळाच्या पेन्शनचा मार्ग त्यांना खुला नव्हता. मात्र विधवांसाठीची कल्याणी पेन्शन त्या अटीवाचून मिळते. ('विधवा' हा शब्द टाळून राज्याने 'कल्याणी' हा शब्द स्वीकारला आहे. काकूंना तो ऐकून हसू आले होते. कल्याणी नावाची त्यांची एक चुलत नणंद होती आणि ती अखेरपर्यंत सवाष्ण राहिली.)

अडचण

मार्चच्या अखेरीस काकू शेजारच्या मुलाला घेऊन लोक सेवा केंद्रावर गेल्या. स्त्रियांना दरमहा पैसे देणाऱ्या लाडली बहना योजनेचे अर्ज नुकतेच सुरू झाले होते आणि समग्र केवायसीसाठी, म्हणजे समग्रमधली नोंद आधारशी जुळवून घेण्यासाठी, बायकांची रांग रस्त्यापर्यंत आली होती. त्या योजनेला साठ वर्षांची वयोमर्यादा असल्याने काकूंचा तिच्याशी संबंध नव्हता, पण रांग तीच होती. नंबर लागला तेव्हा चालकाने सांगितले की केवायसी झाल्याशिवाय पेन्शनचा अर्ज भरताच येत नाही. एप्रिलमध्ये त्या दोनदा केवायसीसाठी गेल्या आणि दोन्ही वेळा यंत्राने नकार दिला, कारण समग्रमध्ये नाव होते 'शालिनी' आणि आधारवर होते 'सुमन'.

मराठी वाचकाला यात काही नवल वाटणार नाही. काकूंचे लग्न १९७१ साली झाले. ताटात पसरलेल्या तांदळांवर नवऱ्या मुलाने अंगठीने नवे नाव लिहिले आणि माहेरची सुमन सासरची शालिनी झाली. त्यानंतर रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, समग्र, बँकेतल्या जोड खात्यातले दुसरे नाव, सगळीकडे शालिनीच लागले. पण २०१२ मध्ये वस्तीत आधारचे शिबिर भरले तेव्हा चालकाने जन्मतारखेचा पुरावा मागितला. तारीख असलेला एकच कागद घरात होता, तो म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, आणि चालकाने तारखेबरोबर नावही त्याच दाखल्यावरून टंकले. कार्ड घरी आले तेव्हा चूक नीळकंठरावांच्या लक्षात आली होती. उभा जन्म दुसऱ्यांची मुद्रिते तपासण्यात गेलेल्या त्या माणसाने 'कार्ड आले ना, मग राहू द्या' एवढेच म्हणून ते कपाटात ठेवून दिले.

दुसरी एक विसंगतीही होती. यजमानांचे नाव जुन्या कागदांत 'नीळकंठ' आणि मृत्यू प्रमाणपत्रात 'नीलकंठ' असे होते, कारण हिंदी टंकलेखनात ळ शोधण्याची तसदी कोणी घेत नाही आणि इंदुरातल्या निम्म्या काळ्यांचे केव्हाच काले झाले आहेत. ही विसंगती मात्र शेवटपर्यंत कोणत्याही टेबलावर आडवी आली नाही. बाबूने कागद वाचला, त्याला कळले, काम पुढे सरकले. जिथे माणूस वाचत होता तिथे अक्षराचा फरक सहज खपून गेला, आणि जिथे यंत्र जुळवत होते तिथे सगळे अडले.

विचारात घेतलेले पर्याय

मेच्या पहिल्या रविवारी काकू आमच्याकडे आल्या तेव्हा आम्ही पाच मार्गांचा विचार केला.

आधारवरचे नाव बदलून शालिनी करावे, हा सर्वांत सरळ मार्ग होता. पण आधारवरचे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते आणि जुने नाव व नवे नाव एकाच व्यक्तीचे आहे हे सिद्ध करणारा मान्य कागद जोडावा लागतो. १९७१ च्या लग्नाची नोंदणी कोणी केलेली नव्हती. राजपत्रात नाव छापून आणण्याचा खर्च आणि वेळ काकूंना झेपणारा नव्हता, आणि या खटाटोपात जन्मतारखेला धक्का लागला तर आणखी एक कोडे उभे राहील अशी भीती होती.

उलट बाजूने, बाकी सगळी कागदपत्रे आधारनुसार सुमन अशी करावीत, हा दुसरा मार्ग होता. तो यंत्राला आवडणारा होता. काकूंनी त्याला साफ नकार दिला. "त्या नावाला मी बावन्न वर्षांत ओ दिलेली नाही," असे त्या म्हणाल्या. शिवाय व्यवहाराची अडचण होती: सगळीकडे सुमन केले की नीळकंठरावांची पत्नी म्हणून ज्या कागदांवर शालिनी आहे त्यांच्याशी असलेला धागा तुटतो, आणि ही पेन्शन तर त्याच धाग्यावर अवलंबून आहे.

तिसरा मार्ग दलालाचा. केंद्राच्या बाहेर उभ्या असणाऱ्या एकाने दोन हजार रुपयांत 'सगळे जुळवून' देण्याची तयारी दाखवली होती. आम्ही तो नाकारला, यात काही विशेष नाही. पण आमच्या वस्तीतल्या दोन घरांनी अशाच कामासाठी हा मार्ग घेतला होता आणि त्यांचे काम तीन आठवड्यांत झाले होते, हे प्रामाणिकपणे नोंदवावे लागेल.

चौथा मार्ग १८१ वर तक्रार करण्याचा आणि पाचवा, पोर्टल बाजूला ठेवून पदाभिहित अधिकाऱ्याच्या कार्यालयात कागदी अर्ज देऊन पावती घेण्याचा. आम्ही चौथा निवडला. फोन फुकट होता, घरबसल्या होणारा होता, आणि तोवर हेल्पलाइनवरून पथदिवा किंवा तुंबलेले गटार अशी कामे झटपट झालेली आम्ही पाहिली होती. पुढे जे घडले त्यावरून ही निवड चुकीची ठरली.

पहिला निर्णय आणि त्याचे फळ

हेल्पलाइनची रचना चढत्या पायऱ्यांची आहे. तक्रार आधी खालच्या स्तरावरच्या अधिकाऱ्याकडे जाते, ठरलेल्या दिवसांत सुटली नाही तर आपोआप वरच्या स्तरावर चढते, आणि असे चार स्तर आहेत. विभागांची व जिल्ह्यांची दर महिन्याला प्रतवारी होते. त्यामुळे तक्रार वर चढू न देण्याकडे खालच्या कार्यालयाचे सारे लक्ष असते. पथदिव्याच्या बाबतीत तक्रार बंद करण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे दिवा लावणे, म्हणून तिथे ही रचना उत्तम चालते. काकूंच्या बाबतीत तक्रार बंद करण्याचा सर्वांत सोपा उपाय काकूंना बंद करायला लावणे हा होता.

दहा-बारा दिवसांनी संबंधित कार्यालयातून एका तरुणाचा फोन आला. काकू घरी एकट्याच होत्या. तो अतिशय अदबीने बोलला, प्रकृतीची चौकशी केली, कागद जुळवून पुन्हा अर्ज करा, काम नक्की होईल असे सांगितले आणि शेवटी विचारले, "तो माताजी, समस्या का समाधान हो गया न?" काकू म्हणाल्या, "हां भैया, देख लेंगे." जूनमध्ये आम्ही स्थिती तपासली तेव्हा तक्रार 'संतुष्टीसह बंद' झालेली होती. आम्ही थोडे चिडूनच विचारले की हो का म्हणालात. "एवढं गोड बोलला तो मुलगा, त्याला नाही कसं म्हणायचं?" हे त्यांचे उत्तर होते, आणि आमच्याकडे त्यावर उत्तर नव्हते.

दोष त्या मुलाचा होता असे आम्हाला वाटत नाही. त्याच्या हातात समग्रमधले नाव बदलण्याचा अधिकार नव्हता, पोर्टलची अट शिथिल करण्याचा नव्हता, फक्त महिनाअखेरचा एक आकडा होता. तक्रारदाराने काय म्हणायचे आणि काय म्हणायचे नाही हे आधी समजावून सांगण्याचे काम आमचे होते आणि ते आमच्याकडून राहून गेले.

दुसरा निर्णय: पावती

जूनच्या अखेरीस आम्ही पुन्हा कायद्याच्या मजकुराकडे वळलो. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली, जी खरे तर पहिल्याच दिवशी यायला हवी होती. मार्चपासून काकूंनी तीन खेपा केल्या होत्या, तक्रार केली होती, पण कायद्याच्या दृष्टीने त्यांनी अजून अर्जच केलेला नव्हता. मुदत पावतीच्या तारखेपासून मोजली जाते. पोर्टल अर्ज स्वीकारत नाही म्हणून पावती निघत नाही, पावती नाही म्हणून मुदत सुरू होत नाही, आणि मुदतच सुरू झाली नाही तर उशीर झाला असे म्हणायला जागा राहत नाही. या चार महिन्यांचा हिशेब राज्यातल्या कोणत्याही फलकावर, कोणत्याही अहवालात कधी येणार नव्हता.

आमच्यापैकी एक जण काकूंबरोबर केंद्रावर गेले आणि अर्ज घेता येत नसल्यास तसे लिहून द्या अशी विनंती त्यांनी केली. चालक भला माणूस होता. त्याने पडदाच आमच्याकडे वळवला. खाली एक लाल ओळ होती आणि पुढचे बटण करडे पडलेले होते. मी दाबू तरी काय, असे त्याचे म्हणणे, आणि लिहून देण्याचा अधिकार त्याला नव्हता. ही केंद्रे प्रति अर्ज शुल्कावर चालतात. ज्याची नोंदच होणार नाही अशा माणसाला समजावण्यात गेलेला अर्धा तास चालकाच्या पदरचा असतो.

मग नोटरीकडून 'सुमन व शालिनी ही एकाच व्यक्तीची विवाहापूर्वीची व विवाहानंतरची नावे आहेत' असे शपथपत्र करून घेतले, त्याला सर्व कागदांच्या छायाप्रती जोडल्या आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात कागदी अर्ज थेट पदाभिहित अधिकाऱ्याच्या कार्यालयात दिला. आवक टेबलावरच्या बाबूने, ऑफलाइन बंद झाले आहे, असे सांगून तो परत सरकवला. आम्ही कायद्यातले अर्जाच्या पोचपावतीचे कलम छापून नेले होते. त्यावर अर्धा तास गेला, बाबू आत जाऊन विचारून आला, आणि शेवटी आमच्या प्रतीवर शिक्का उमटला. शिक्का वाकडा बसला होता आणि तारखेतला महिना पुसट होता. आम्ही तो महिना पेनाने लिहून घेतला आणि शेजारी सही मागितली. बाबूला ते रुचले नाही, पण त्याने सही केली. या संपूर्ण प्रकरणात आम्ही केलेले सर्वांत उपयोगी काम कोणते असे विचारले तर ही सही.

त्यानंतरचा वेग थक्क करणारा होता. मुदत संपायच्या आदल्या दिवशी लेखी उत्तर आले: आधार व समग्रमधील नावात भिन्नता असल्याने आवेदन अमान्य. काकूंना वाईट वाटले. आम्हाला, विचित्र वाटेल, पण हायसे वाटले. खिडकीवरून परत पाठवलेल्या माणसाला कायद्यात स्थान नाही, नाकारलेल्या अर्जदाराला आहे. कारण आता कागदावर होते आणि कारणाविरुद्ध दाद मागता येत होती.

अपील

पहिले अपील ऑगस्टअखेर दाखल झाले आणि सप्टेंबरात सुनावणी लागली. पुराव्यासाठी काकूंनी ट्रंकेतून एक पत्रिका काढली. ती त्यांच्याच लग्नाची होती, नीळकंठरावांनी स्वतः खिळे जुळवून आपल्या छापखान्यात छापलेली. वधूच्या जागी 'चि. सौ. कां. सुमन' आणि वराच्या जागी 'चि. नीळकंठ'. रेशनकार्डावर शालिनी, पती नीळकंठ. दोन्ही कागद शेजारी ठेवले की मधली कडी आपोआप दिसत होती.

अधिकारी हिंदीभाषक होते आणि त्यांनी कागद शांतपणे पाहिले. लग्नानंतर आडनाव बदलते हे त्यांना ठाऊक होते, पण पहिलेच नाव बदलते हे त्यांना पटेना. शेवटी त्यांच्याच कार्यालयातल्या एका मराठी बाबूला बोलावले गेले. त्याने ताट, तांदूळ आणि अंगठी यांचे वर्णन हातवारे करून केले आणि आपल्या आईचेही नाव असेच बदलले होते असे सांगितले. अधिकाऱ्यांनी विचारले, म्हणजे मग तुमच्यात हे सगळ्याच घरांत असेल? तो म्हणाला, जुन्या पिढीत बहुतेक घरांत. अठराव्या शतकापासून मराठी वस्ती असलेल्या या शहरातल्या व्यवस्थेला हा प्रश्न जणू पहिल्यांदाच पडत होता, याचे आम्हाला नवल वाटले.

आदेश समजूतदार होता. वॉर्डातल्या कर्मचाऱ्याने स्थानिक चौकशी करून अहवाल द्यावा, त्याआधारे समग्रमध्ये दुरुस्ती व्हावी आणि नवा अर्ज न मागता पेन्शन मंजूर करावी. एक गोष्ट मात्र अधिकाऱ्यांच्याही हातात नव्हती. समग्रमध्ये नाव एकच राहू शकते आणि ते आधारशी अक्षरशः जुळावे लागते. 'सुमन उर्फ शालिनी' असे लिहिले तर केवायसी पुन्हा नाकारली जाईल. म्हणजे दुरुस्ती सुमन या नावाकडेच होणार होती. मेमध्ये ज्याला काकूंनी नकार दिला होता तोच पर्याय अपील जिंकून त्यांच्या वाट्याला आला. फरक इतकाच की आता शालिनीशी असलेला धागा शपथपत्र आणि आदेशाच्या रूपाने दप्तरात राहिला. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि होकार दिला.

निष्पत्ती

९ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली, कर्मचारी निवडणुकीच्या कामात गुंतले आणि नोव्हेंबरच्या मतदानापर्यंत फाइल जागची हलली नाही. तेवढ्या काळात आधारवरून सुमन या नावाने नवे बँक खाते उघडून झाले. डिसेंबरात पहिले ६०० रुपये जमा झाले. मार्चपासून मोजले तर आठ महिन्यांचे ४,८०० रुपये मिळाले नाहीत, कारण पेन्शन मंजुरीपासून लागू झाली. दंड कोणालाही झाला नाही आणि होण्यासारखे नियमात काही घडलेही नव्हते: तक्रार संतुष्टीसह बंद, अर्ज मुदतीत निकाली, अपील मुदतीत निकाली.

नव्या पासबुकासाठी सही करायची होती तेव्हा काकूंनी सवयीने 'शालिनी' असा श लिहिला आणि हात थांबवला. बँकेतल्या मुलीने दुसरा फॉर्म दिला. काकूंनी जुन्या फॉर्मच्या मागे पाच-सहा वेळा सुमन लिहून पाहिले. शाळेतल्यासारखे टपोरे आले होते.

इंदूरच्या माणसाला सुधारणांवर सरसकट अविश्वास दाखवता येत नाही. २०१७ पासून वर्षानुवर्षे हे शहर स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पहिले आले आणि तो बदल आम्ही दारात उभे राहून पाहिला आहे. पण कचऱ्याच्या गाडीचे मोजमाप दारात होते. गाडी आली नाही तर सगळी गल्ली सांगते, कोणाच्या गोड बोलण्याने कचरा उचलला गेल्यासारखा दिसत नाही. पेन्शनचा नाकारलेला अर्ज फक्त एका घराला दिसतो आणि त्याचे मोजमाप टेबलाच्या पलीकडे, टेबलावरच्याच माणसांकडून होते. ज्यांचे कागद जुळतात त्यांच्यासाठी हमी कायद्याने सेवा निश्चितपणे सुधारली आहे, हे आम्ही अनुभवाने सांगतो. ज्यांचे जुळत नाहीत त्यांचा उशीर कमी झाला नाही. तो पावतीच्या अलीकडे सरकला.

वेगळे काय करता आले असते

आमच्या बाजूने पहिली चूक क्रमाची होती. आधी पावती, मग तक्रार, हा क्रम ठेवला असता तर जूनमध्येच नकार हाती येऊन जुलैत अपील निकाली निघाले असते आणि निवडणुकीच्या आधी पेन्शन सुरू झाली असती. तक्रार करायचीच होती तर मोबाइल क्रमांक आमच्यापैकी एकाचा द्यायला हवा होता.

दुसऱ्या अपिलाबाबत आमच्यात अजून एकमत नाही. आठ महिन्यांच्या रकमेसाठी आणि मार्चमध्ये अर्ज न स्वीकारल्याच्या मुद्द्यावर ते करता आले असते. काकू थकल्या होत्या, ज्या अधिकाऱ्याने ऐकून घेतले त्याच्याच कार्यालयाविरुद्ध वर जाणे त्यांना प्रशस्त वाटत नव्हते, आणि आम्ही त्यांचा कल मानला. एका सहकाऱ्याचे म्हणणे असे की, त्या एका अपिलाने खिडकीवरून परत जाणाऱ्यांचा प्रश्न प्रथमच नोंदीवर आला असता. हे म्हणणे चुकीचे नाही.

व्यवस्थेच्या बाजूने फार मोठे काही लागत नव्हते. चालकाच्या पडद्यावर 'पुढे' हे बटण करडे पडते त्या क्षणी कारण आणि तारीख असलेली एक चिठ्ठी छापली गेली असती, तर ती पावतीचे काम करू शकली असती. निकाली अर्जांच्या आकड्यात मंजूर किती आणि अमान्य किती हे वेगळे दाखवले तर प्रतवारीचा अर्थच बदलेल. आणि समग्रमध्ये दुसऱ्या नावासाठी एक रकाना असावा, ही मागणी आम्ही लेखी पाठवली आहे. तिची पोच मिळाली, उत्तर नाही.

मृत्यू प्रमाणपत्रातला ळ दुरुस्त करून घ्यावा का, असे आम्ही काकूंना विचारले. घराच्या कागदांना पुढे कधी अडचण आली तर पाहू, असे त्या म्हणाल्या. दरम्यान रविवारी येणाऱ्या साठीपुढच्या प्रत्येक बाईंना आम्ही पहिला प्रश्न माहेरच्या नावाचा विचारू लागलो आहोत आणि दुसरा, आधारवर कोणते आहे, हा. आतापर्यंत चार जणींची दोन्ही उत्तरे सारखीच निघाली, आणि त्या चौघींचेही रेशनकार्ड सासरच्या नावाने आहे.